बऱ्या पायाचं लंगडणं

मी लंगडतो ते खोटं आहे.

हे वाक्य मी आजवर कोणापुढे काढलेलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही. वडील शेवटच्या आजारपणात माझ्या मांडीवर हात ठेवून "पोरा, तुझा पाय" एवढंच म्हणाले, तेव्हाही मी फक्त चेहरा सोसल्यासारखा केला. तो चेहरा मला फार चांगला जमतो.

पाय मोडला होता हे खरं. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, धुळ्यात ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, हेही खरं. पण पुढच्या वर्षभरात पाय चांगला झाला. पळण्याइतका, उकिडवं बसण्याइतका, कबड्डीत चढाई करण्याइतका चांगला. मी मात्र लंगडतच राहिलो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ती ज्याच्याविषयी आहे त्याचं नाव मी घेत नाही. त्याची परवानगी मागायला मला तोंड नाही. आमच्या संघात तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा, म्हणून आम्ही त्याला कोपरेवाला म्हणत असू. माझा पाय त्याने मोडला असं धुळ्यात सगळे समजतात. तोही तसंच समजतो. त्याने तो मोडलेला नाही, आणि हे फक्त मला ठाऊक आहे. एका हाडाच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं, पण ते आता नाहीत.

ऐंशीच्या दशकातलं धुळं. आमच्या मंडळाची मालमत्ता मोठी होती: पत्र्याची खोली, तिच्यात शेंदूर फासलेला मारुती, एक गंजकी वजनाची कांब, बाहेर मऊ मातीचं मैदान, आणि नाना. नाना मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी जन्मात एकदाही चढाई केली नव्हती, कारण त्यांना लहानपणापासून दमा. पण रेघेबाहेर खुर्ची टाकून ते कबड्डीवर जे बोलत, ते ऐकून वाटावं की हा खेळ यांनीच काढला आणि आम्हाला भाड्याने दिला.

मी चढाई करायचो. बरी करायचो. कोपरेवाला पकड करायचा, आणि बरी नव्हे, भीती वाटावी अशी. तो शिंदखेड्याकडच्या एका गावातला, बौद्धवाड्यातला, धुळ्याला कॉलेजात शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. अंगाने काटकुळा. समोरच्याच्या तोंडाकडे तो कधी बघायचा नाही, फक्त पायांकडे बघायचा. "तोंड खोटं बोलस, पाय नही," म्हणायचा. असा माणूस पुढे माझ्या पायांच्या बाबतीतच फसावा, ही माझी कमाई.

त्या वर्षी बातमी आली की जळगावकडचा एक कारखाना स्वतःचा कबड्डी संघ उभा करणार आहे आणि खेळाडूंना कायमची नोकरी देणार आहे. आमच्यातून एक चढाईवाला आणि एक कोपरा घेतील, असं नानांनी परस्पर ठरवून टाकलं. मी वेड्यासारखा पळायला लागलो. पहाटे आग्रा रोडला डांबरावरून, तळ झिजलेले कॅनव्हासचे बूट घालून, ट्रकांच्या धुरातून. काही आठवड्यांत उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. मी कोणाला सांगितलं नाही. रोज मलम चोळायचो आणि आईला सांगायचो की डास चावतात म्हणून लावतो. दुखऱ्या पायाला नोकरी कोण देणार? पुढे कळलं, देतात. चांगली देतात.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही आपापसात सामना लावला. मैदानाभोवती गल्ली जमलेली. मी चढाईला गेलो, उजवीकडे डाव्या कोपऱ्याच्या अंगावर गेलो, हूल दिली आणि परत वळायला उजवा पाय रोवला. तेव्हाच आवाज झाला. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा. पायाखालून जमीन गेली आणि मी पडायला लागलो. त्यानंतर कोपरेवाल्याचे हात माझ्या मांडीभोवती आले. हा क्रम मी कितीदा मनात फिरवून बघितला आहे. आधी आवाज, मग हात. त्याने पकडला तो पडणारा माणूस. लोकांनी मात्र पकड बघितली, मग मी ओरडलेला ऐकला, आणि दोन्ही जोडून टाकलं. हाडं जुळायला महिने लागतात, असलं जुळायला काहीच लागत नाही.

नाना खुर्चीतून उठले. ते क्वचितच उठत, त्यामुळे सगळे बाजूला झाले. त्यांनी माझ्या पायाला हातही न लावता निदान केलं.

"काही नही. नस चढेल शे. वढा रे, दोन्ही जण वढा!"

दोघांनी माझा पाय ओढला. मला त्यानंतरचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तो हातगाडीवर, आणि नाना कोणाला तरी सांगत होते की नस उतरली, आता फक्त अशक्तपणा आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून बघितला. मग आईला बाहेर बसायला सांगितलं.

"आधीपासून दुखत होतं का रे?"

"नाही."

"जांघेत? पळताना?"

"नाही."

"मग हे हाड खोटं बोलतंय. तडा जुना आहे बाबा. तडा गेलेल्या हाडावर तू पळत राहिलास, आज ते पुरं मोडलं. कोणी पकडलं म्हणून नाही. नुसता वळला असतास तरी मोडलं असतं."

मी म्हणालो, "डॉक्टर, हे बाहेर सांगू नका."

"का?"

"पुढच्या आठवड्यात निवड आहे. दुखणं लपवलं असं होईल."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. खुब्याचं हाड मोडून आडवा पडलेला पोरगा पुढच्या आठवड्याच्या निवडीची काळजी करतो आहे, असा पेशंट त्यांना बहुधा पहिलाच. "मी हाडं जोडतो," ते म्हणाले, "चुगल्या नाही. तुझं तू सांग." त्यांनी शब्द पाळला. मी मात्र सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात गल्ली गोळा झाली होती. दरवाजा लोटलेला असला तरी नानांचा आवाज आत येत होता. "बठ्ठासनी दखं! त्यानीच पाय धरा." म्हणजे सगळ्यांनी बघितलंय, पाय त्यानेच धरला. दुसरं कोणीतरी म्हणालं, "शेवटी..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. अशी वाक्यं आमच्याकडे पुरी करावी लागत नाहीत. सगळ्यांना त्यातला गाव कळतो, गावातला वाडा कळतो. आतापर्यंत तो आमचा कोपरेवाला होता. एका तासात तो 'त्यांच्यातला' झाला. मला स्ट्रेचरवरून नेताना तो व्हरांड्याच्या टोकाला माठाजवळ एकटा उभा दिसला. एक वाक्य बोललो असतो तर ते सगळं तिथेच संपलं असतं. मी डोळे मिटले. भूल अजून दिली नव्हती.

ऑपरेशननंतर लोक भेटायला आले. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जातात, आणि बघताना केळी नेतात. केळीच्या बागांच्या सावद्याचे एक नातेवाईक आख्खा घड घेऊन आले. ज्याला सगळं खाटेवरच करायचं आहे त्याला केळी किती खाऊ घालावीत, याचा विचार सावद्याच्या माणसाला शिवत नाही. वॉर्डातले सगळे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि झाडूवाल्या मावशी आठवडाभर केळी खात होत्या आणि माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होत्या. लोकांनी माझ्याकडे तसं बघण्याची सवय मला तिथेच लागली असावी.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला, म्हणजे बसला. पायावर भार टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. घरात कमोड कुठला? वडिलांनी लाकडी खुर्ची घेतली आणि तिच्या बैठकीला भोक पाडायला सुताराकडे नेली. सुताराने भर गल्लीत विचारलं, "माप कोनं लेवानं?" वडील म्हणाले, "आम्हना पोऱ्यानं." त्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांनी मला बघून हसायचं सोडलं नाही. चांगल्या चढाईवाल्याला एवढ्या लवकर एवढी प्रसिद्धी क्वचित मिळते.

कोपरेवाला पहिल्या दिवसापासून यायचा. कॉलेज सुटलं की सरळ आमच्याकडे. आई त्याला "ये भाऊ, बठ" म्हणायची, पण पहिले काही दिवस त्याच्याकडे न बघता म्हणायची. एकदा नाना आले होते, तेव्हा तोही होता. त्या खुर्चीखालचं भांडं उचलायचं होतं आणि वडील बाहेर गेले होते. नानांनी त्याच्याकडे बघून बोटाने खूण केली.

"दे रे टाकी ते."

तो हसला. अगदी मोकळं हसला. "नाना, तुम्हीन अध्यक्ष शेतस. पहिला मान तुम्हना."

आईच्या तोंडाला पदर गेला. नानांना अचानक काम आठवलं आणि बरेच दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. पाय मोडल्याचा मला झालेला तो पहिला फायदा. भांडं शेवटी आईने उचललं.

डॉक्टरांनी व्यायाम दिले होते. आडवं पडून गुडघा खाली दाबून धरायचा. मग पाय ताठ ठेवून उचलायचा. मग कुशीवर होऊन बाजूला उचलायचा. किती वेळ धरायचा हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या घरी सेकंदकाट्याचं घड्याळ नव्हतं. कोपरेवाल्याने सोपा उपाय काढला. मी पाय उचलायचा आणि त्याने 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचं. त्याचा दम संपेपर्यंत मी पाय वर धरायचा. त्याचा दम लांब. माझी मांडी थरथरायला लागायची, घाम फुटायचा, मी शिव्या द्यायचो, आणि तो डोळे मोठे करून म्हणतच राहायचा. पाय खाली पडला की बोट दाखवायचा. "तू बाद!" शेजारणीने आईला विचारलं की पोराला बाहेरचं काही झालं आहे का, खोलीत जप चालतो म्हणून. आईने सांगितलं, डॉक्टरनेच दिलाय.

महिने गेले. एका कुबडीवर आलो, मग काठीवर. मधल्या काळात त्या कारखान्याने कोपरेवाल्याला निरोप पाठवला होता. निवडीला तो गेला नव्हता, तरी त्यांना तो हवा होता. नानांच्या तोंडून मला हे कळलं तेव्हा मी त्याला विचारलं.

"का नाही गेलास?"

तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. "मन्हामुळे व्हयनं, भाऊ," तो म्हणाला. "जवय तू मैदानमा उतरशी, तवय मी उतरसू. तोपर्यंत नही."

"येडा शे का तू?"

"येडा तर येडा."

सांगायची वेळ ती होती. खोलीत दोघंच होतो, आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी म्हणालो, "जाऊ दे रे, खेळ आहे. मनाला लावून घेऊ नको." म्हणजे त्याने न केलेला गुन्हा मी त्याला मोठ्या मनाने माफ केला. त्याचे डोळे भरले. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. कोणीतरी आपल्यासाठी आपला खेळ थांबवून बसलं आहे, याचं एक सुख असतं. ते फार घाण सुख आहे.

वर्ष झालं. शेवटच्या तपासणीला तो माझ्यासोबत आला. डॉक्टरांना काळजी वेगळीच होती: अशा मोडीत कधी कधी खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि तो आतल्या आत वाळतो. त्यांनी फोटो बघितला, मला चालवलं, एका पायावर उभं केलं, उकिडवं बसवलं, उड्या मारायला लावल्या. मग टेबलावर थाप मारली.

"नशीबवान आहेस. गोळा ठणठणीत, हाड पक्कं. महिनाभर हळू पळ, मग मैदानात जा. खेळ कबड्डी. मात्र दुखलं तर लपवू नको. या वेळी मी चुगली करीन."

बाहेर बाकावर तो बसला होता. मी दरवाजा उघडला, त्याने मान वर केली, आणि माझा उजवा पाय आपसूक ओढला गेला. शपथेवर सांगतो, ठरवून नाही. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. मी म्हणालो, "चालता येईल म्हणाले. खेळ नको म्हणाले."

का म्हणालो? दोन कारणं होती आणि दोन्ही तेव्हा मला माहीत होती. एक भीती. मातीवर पाय रोवायचा आणि वळायचं, एवढा विचार आला तरी कानात तो आवाज यायचा. ही भीती खरी होती आणि तिची मला लाज वाटत नाही. खुब्यात स्क्रू घेऊन मैदानात परतणाऱ्या कोणालाही ती असते, आणि हाड जुळल्यावरही बराच काळ ती जात नाही. दुसरं कारण, नाना. पुढच्या आठवड्यात ते मला त्या कारखान्याच्या साहेबांकडे नेणार होते, आणि न्यायचं ते लंगडा म्हणून.

साहेबांच्या खोलीत नाना असे उभे राहिले की पाय त्यांचाच मोडला असावा. "साहेब, आमच्या पोरानं तुमच्या संघासाठी पाय दिला." साहेब मवाळ माणूस होता. त्याने मला बसायला सांगितलं. मी बसताना पाय लांब केला आणि खुर्चीचा हात धरला. कारखान्याच्या भांडारात मला टेबल मिळालं. खेळाडू म्हणून घेतलेली पोरं उन्हात पत्रे उचलायची आणि संध्याकाळी सराव करायची. मी पंख्याखाली बसून त्यांना हातमोजे द्यायचो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात, वैशाखात, एकदा दुपारी मी कारखान्यामागच्या मैदानावर गेलो. जळगावचं वैशाखातलं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला सांगायला नको. कावळासुद्धा सावली सोडत नाही. सगळं सामसूम. मी चप्पल काढली. माती तव्यासारखी. दम भरला आणि एकट्यानेच चढाई केली. डावीकडे, उजवीकडे, पाय रोवला, वळलो, परत आलो. पुन्हा गेलो. काहीही दुखलं नाही. वळण जुन्याहून चांगलं बसत होतं, कारण वर्षभर त्या मांडीवर कोपरेवाल्याने मेहनत घेतली होती. मी पूर्ण बरा होतो. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मी आधी कोणी बघितलं नाही ना ते पाहिलं. भीतीचं कारण त्या दुपारी संपलं. राहिली नुसती सोय. मी चप्पल घातली आणि लंगडत टेबलाकडे गेलो.

बऱ्या पायाने लंगडणं सोपं नाही. खऱ्या लंगड्याला लक्ष ठेवावं लागत नाही. मला जिन्यावर, बसमध्ये चढताना, कोणी मागून हाक मारली तर, सगळीकडे लक्ष ठेवावं लागे. एका लग्नात घाईत मी डाव्या पायाने लंगडलो. एक मावशी म्हणाल्या, "उजवा होता ना रे?" मी म्हणालो, "भार पडून पडून आता डावाही दुखतो, मावशी." त्या रडल्या. त्या पंगतीत सगळे खाली बसलेले आणि मला एकट्याला खुर्ची. वाढपी भरताची बादली घेऊन दोनदा माझ्याकडे आला. पंगतीत खुर्ची मिळायला आमच्याकडे एक तर म्हातारं व्हावं लागतं, नाही तर पुढारी. मी पंचविशीतच दोन्ही झालो.

आणि सत्कार. खानदेशात कुठेही कबड्डीचे सामने भरले की मैदानाची पूजा करून नारळ फोडायला कोणीतरी लागतं. पुढारी वेळेवर येत नाहीत. मी येत असे. मंडपापासून मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत मी लंगडत जाताना माइकवर सांगत, "ज्यांनी खेळासाठी आपला पाय..." लोक टाळ्या वाजवत. शाल, नारळ, पेढे. चांगल्या पायांनी मला कधी शाल मिळाली नव्हती.

दर वर्षी दिवाळीनंतर, सराव सुरू व्हायच्या दिवसांत, कोपरेवाला जळगावला यायचा. एसटीने, स्वतः; नुसत्या पत्रावर भागवायचा नाही. कारखान्याच्या फाटकावर उभा राहायचा. चहाच्या टपरीवर आम्ही बसायचो. तो पायाकडे बघायचा नाही, हे मी लक्षात ठेवलेलं आहे. इतरांचे पाय बघून जगणारा तो, माझ्या पायाकडे मात्र बघायचं टाळायचा. अपराधी माणूस जखमेकडे बघत नाही. तेवढ्यामुळेच मी वाचलो. चहा संपत आला की एकच शब्द विचारायचा.

"औंदा?"

"औंदा नको. पुढल्या साली बघू."

'कधीच नाही' असं मी एकदाही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर कदाचित तो मोकळा झाला असता, स्वतः मैदानात उतरला असता. पण मग चहाला कोण आलं असतं? माझ्यासाठी कोण थांबलं असतं? 'पुढल्या साली' म्हणत मी त्याला वर्षानुवर्षं रेघेबाहेर बसवून ठेवलं. पकड करणाऱ्याचं शरीर किती वर्षं टिकतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मग एका दिवाळीनंतर तो आला, आम्ही चहा प्यायलो, त्याने पोराबाळांचं विचारलं, गावातल्या पाण्याचं सांगितलं, उठला आणि गेला. विचारलं नाही. त्याचं खेळायचं वय संपलं होतं.

तोवर तो शिंदखेड्याकडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर झाला होता. नव्वदीच्या शेवटाला तिथे शाळांचे सामने भरले आणि नारळ फोडायला मला बोलावलं. त्याचाच संघ अंतिम सामन्यात होता. मी मंडपात मधल्या खुर्चीवर, शाल पांघरून.

त्याची पोरं चांगली होती. डाव्या कोपऱ्यातला पोरगा तर हुबेहूब त्याच्यासारखा, नजर पायांवर. पण एक विचित्र गोष्ट दिसली. चढाईवाला अंगावर येई, मांडी समोर येई, पोरगा झेपावे आणि ऐनवेळी हात मागे घेई. मग घोटा धरायचा प्रयत्न, तो सुटे. पुन्हा तसंच. गुण जात होते. मंडपाजवळचा एक पागोटेवाला आबा ओरडला, "मास्तर, पोऱ्याले पकडू द्या ना! मांडी समोर शे, धरत का नही?"

कोपरेवाला रेघेवर उभा होता. वळून म्हणाला, "आम्ही मांडी धरत नही, आबा."

"का बरं? नियममा शे!"

"कोना पाय मोडी ग्या म्हणजे?"

आबाने माझ्याकडे बघितलं. मग दोघा-तिघांनी बघितलं. सगळ्यांना उत्तर कळलं, आणि आबाने मला आदराने नमस्कार केला. संघ थोडक्यात हरला. डाव्या कोपऱ्यातला पोरगा मातीत बसून रडत होता. मास्तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता.

बक्षिसं झाली. माझ्या हातात माइक दिला. समोर दोन्ही शाळांची पोरं, गाव, तो. हात लागायच्या आधी हाड मोडलं होतं, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी खिलाडूवृत्तीवर बोललो. हार-जीत गौण असते असं बोललो. खेळाने मला खूप दिलं असंही बोललो, आणि तेवढं एकच वाक्य खरं होतं.

लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. केस पिकायला लागले होते. या वेळी त्याने माझ्या पायाकडे बघितलं. मी मंडपाच्या पायरीवरून उतरत होतो आणि माइकच्या विचारात कोणत्या पायाने कसा उतरलो ते मला आठवत नाही.

"पाय कसा शे तुन्हा?"

"थंडीत दुखतो," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "थंडीमा दुखसच."

तेव्हा थंडी नव्हती. त्याला कळलं की नाही हे मला सांगता येत नाही. कळलं असेल तर त्याने मला बोलायची संधी दिली आणि मी ती घेतली नाही. कळलं नसेल तर तो अजूनही त्याच जागी उभा आहे. दोन्हीत माझं तोंड काळंच आहे. एसटी स्टँडपर्यंत तो मला सोडायला आला, माझ्या चालीने, हळूहळू, आणि मी सबंध रस्ता लंगडलो.

मी त्याला काय देणं लागतो ते साधं आहे. हाड तुझा हात लागण्याआधी मोडलं होतं, हे मला त्याला सांगायचं आहे. पाय त्याच वर्षी बरा झाला होता आणि डॉक्टरांनी खेळ म्हणून सांगितलं होतं, हे सांगायचं आहे. ते त्याच्या तोंडावर सांगायचं आहे, आणि मग मंडळात, नानांच्या देखत, आणि त्याच्या शाळेच्या मैदानावर त्या पोरांना. इथे लिहिल्याने त्यातलं काहीही फिटलेलं नाही. मी अजून शिंदखेड्याला गेलेलो नाही.